दुसऱ्या शनिवारचं हळदीकुंकू

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, पाण्याच्या लाइनीवर भर उन्हात उभी राहिलेय, असलं काही सांगायला कुणी आलं तर मी त्याला फाटकातूनच वाटेला लावते. तरी सांगते, नवरा गेल्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आमच्या फाटकाशी त्याची मोटरसायकल थांबल्याचा आवाज मला यायचा. आधी गिअर पाडल्याचा, मग इंजिन बंद झाल्याचा, मग तो छोटा हॉर्न. मी हातातलं काम टाकून उठायचे. मोटरसायकल पोर्चमध्येच असायची, त्याने शेवटची लावली तशीच, सीटवर धुळीचा थर. फाटकाशी कुणी नसायचं. मागच्या गल्लीतले पॉवरलूम खटखटत असायचे आणि मी आपली पदर खोचून दारात उभी.

दुसराच शनिवार का, ते सांगायला हवं. त्या दिवशी आमचं हळदीकुंकू असायचं. म्हणजे हळदीकुंकू कसलं, डोंबल! ती मीटिंग असायची. महिला इंजिनिअरांच्या एका मोठ्या संस्थेची आमच्या बुऱ्हाणपुरात शाखा आहे, आम्ही तिला चॅप्टर म्हणतो. अध्यक्षबाई पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात, त्यांना सगळ्या नुसतं मॅडम म्हणतात. सुरुवातीला त्यांनी साधं मीटिंग म्हणून बोलावलं, तर फक्त नोकरीवाल्या यायच्या. शिकून घरी बसलेल्या सुना एकही नाही. आणि चॅप्टर काढलं होतं ते त्यांच्यासाठीच. मग मॅडमना युक्ती सुचली. सुनेला इंजिनिअरांच्या मीटिंगला कोण सोडतं? हळदीकुंकवाला मात्र सासू स्वतः कपाटातली साडी काढून देते. तेव्हापासून ग्रुपवर मेसेज यायचा तो असा: शनिवारी दुपारी हळदीकुंकू आहे, अगत्य यावे. घरात कुणाच्याही हाती फोन पडला तरी काही बिघडत नसे. "मोठं हळदीकुंकू" असं लिहिलेलं असलं, की समजायचं, साइट बघायला जायचंय, पिशवीत बूट आणायचे.

आत काय चालायचं, तर मॅडम टेबलावर ड्रॉइंगं पसरायच्या. जिला जे येतं ते तिने दुसरीला शिकवायचं. लॅपटॉपवर नवीन सॉफ्टवेअर, नोकरीच्या मुलाखतीची तालीम, अर्ज कसा करायचा ते. कधी जवळच्या खकनार गावच्या शाळेत जाऊन मुलींना पाण्याची नळी धरून लेव्हल काढायला शिकवायचो. एकदा एका शाळेत मुलींनी मसाला कालवला, विटा लावल्या, आणि भिंत वाकडी झाली म्हणून त्या एवढ्या हसल्या की त्यांच्या सरांना राग आला. मी म्हटलं, सर, हसू द्या, वाकडी दिसली म्हणजे डोळा तयार झाला. मला तोंड आवरत नाही, ही माझी जुनी खोड.

लग्नाआधी मी खकनारच्या बाजूलाच पाइपलाइनच्या साइटवर होते. माझं माहेर तुकईथडचं, कापूस नि केळीचं घर, पोरीने शिकावं असं वडिलांच्याच मनात. लग्न होऊन इथे आले आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "बाईमाणसानं खड्ड्यात उतरायचं, गड्यांवर ओरडायचं, आपल्यात नाही चालत बाई." वाईट स्वभावाच्या नाहीत त्या. सासरे लवकर गेले, एकट्याने मुलगा वाढवला, लोक काय म्हणतील ही भीती हाडात भिनलेली. मी साइट सोडली. पण रस्त्यात कुठे खोदकाम दिसलं की माझा पाय अडायचा. आपण पुन्हा एकदा साइटवर उभं राहायचं, एवढंच मनात होतं, दुसरं काही नाही.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. आईला उलट शब्द कधी बोलला नाही. पण आईच्या मागून माझ्या बाजूने पक्का. चॅप्टरचं त्यालाच कुठून तरी कळलं, आणि तोच मला मोटरसायकलवर सोडायला लागला. पहिल्या दिवशी परत आलो तर आईंनी विचारलं, "वाण काय मिळालं?" हा मागून म्हणाला, "गाडीच्या पिशवीत राहिलं वाटतं," आणि बाहेर गेला तो कोपऱ्यावरच्या दुकानातून चहाची गाळणी घेऊन आला. तिथून पुढे दर महिन्याला येताना वाण विकत घ्यायचं. गाळणी, कंगवा, साबणाची डबी, परत गाळणी. त्याला दुसरं काही सुचायचंच नाही. शेवटी आई वैतागून म्हणाल्या, "तुमच्या त्या बायांकडे काय गाळण्यांचा कारखाना आहे काय वं?" आम्ही खोलीत जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसलो. हळदकुंकवाची पुडी त्याच्या खिशात असायची. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायची आणि मी आरशात बघून स्वतःच कपाळाला बोट लावायचं. "जास्त लाव," म्हणायचा, "एवढ्या बाया होत्या ना तिथे."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला डेंग्यू झाला. साधा ताप म्हणता म्हणता जळगावला न्यावं लागलं, आणि तिथून आम्ही त्याचं नुसतं शरीर घेऊन आलो. मला त्यावर जास्त बोलवत नाही.

त्यानंतर तो आवाज सुरू झाला. आणि तेवढंच नाही. न्हाणीघरात त्याचं खाकरणं. कपाट उघडलं की खडूचा वास. सगळं दिवसाउजेडी. रात्री मी औषध घेतल्यासारखी झोपायचे, दिवसाच मला घर खायला उठायचं. भाऊ म्हणाला, चल तुकईथडला. मी म्हटलं नाही. आईंना एकटं टाकून कुठे जाऊ? आणि खरं सांगायचं तर तो आवाजही सोडवत नव्हता.

तो गेल्यानंतरचा पहिला हळदीकुंकवाचा शनिवार गेला, तेव्हा वाटलं, दिवस ताजे आहेत, नाही बोलावलं. पुढचाही गेला. मग एक दिवस मीच फोनमध्ये ग्रुप उघडून बघितला. खाली एक ओळ होती, तुम्हाला या ग्रुपमधून काढण्यात आलं आहे. मी भांडी घासत होते, हात तसेच ओले, तशीच खाली बसले. मला भयंकर राग आला. गल्लीतल्या बायांनी टाळलं असतं तर समजू शकले असते, त्या टाळतातच. समोरची नवी सून मी दिसले की दार लोटते, तेही मी सोडून दिलं होतं. पण इंजिनिअर बायांनी? ज्या मला सांगायच्या की घाबरू नको, तुझ्या हातात विद्या आहे, त्यांनी? नवरा मेला म्हणून माझा डिप्लोमा मेला का?

आईंना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्या जवळ येऊन बसल्या. "नाही बोलावलं ना? नाहीच बोलावत गं आपल्याला. तुझे सासरे गेले तेव्हापासून मला कुणी बोलावलं नाही. सुरुवातीला लई लागतं. मन घट्ट कर." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या मायेने फिरवला की माझ्या अगदी ओठांवर आलं, आई, ते हळदीकुंकू नव्हतंच.

पण बोलायची सोय नव्हती. हे खोटं आम्हा दोघांचं होतं आणि दुसरा आता नव्हता. शिवाय घरात माणसं भेटायला येत होती, आणि जो येईल त्याला आई एकच सांगायच्या, "सगळं गेलं, पण माझं लेकरू माझ्याशी कधी खोटं बोललं नाही. एक दिवस नाही." तेवढं सांगताना त्यांचा आवाज थोडा वर जायचा. त्यावरच तर त्या उभ्या होत्या. ते मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ? फाटकाशी आवाज येत राहिला.

मग एका सकाळी शनवाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना आमच्या चॅप्टरमधली सगळ्यात लहान पोरगी भेटली. वीज खात्यात ज्युनिअर इंजिनिअर आहे, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलते. मला बघून तिने मेथीची जुडी तशीच खाली टाकली. "दीदी! तुम्ही कुठे गायब? सच्ची में, तुमची इतनी याद येते ना."

"गायब मी नाही झाले, तुम्ही केलं," मी म्हटलं. "मला काढून टाकलंत."

ती रडकुंडीला आली. म्हणाली, "तसं नाही ना दीदी. मॅडमच बोलल्या, की तिच्या मोबाइलवर दर महिन्याला हळदीकुंकवाचा मेसेज जाणार, तिला कसं वाटेल. कोणालाच भेजायची हिंमत नाही झाली. म्हणून काढलं. तुम्हाला बुरा नको वाटायला म्हणून."

अहो, स्वतःच ठेवलेलं खोटं नाव! आत एक चिमूटभर कुंकू नसतं हे माहीत असलेल्या बाया, पुलाचा भार कागदावर काढणाऱ्या, आणि त्या नावाला घाबरून त्यांनी मला बाहेर ठेवलं. हसावं की रडावं? मी भाजीवाल्यासमोर उभी राहून दोन्ही केलं.

पोरीने मग खरी बातमी सांगितली. खकनार भागातल्या गावांच्या पाण्याच्या योजनेचं काम निघालं होतं. कंपनीची माणसं याच शनिवारी चॅप्टरच्या हॉलवर येऊन साइटसाठी इंजिनिअर बघणार होती. माझं नाव मॅडमनी फार आधीच दिलेलं, नवरा होता तेव्हाच. "पण आता तुम्हाला बोलवायचं कसं, यावरच गाडी अटकली."

तिथूनच मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, मी विधवा झालेय, अडाणी नाही झाले," असं म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "चुकलं गं आमचं. तुला बोलवायला जीव धजला नाही. येशील ना?"

येईन म्हटलं खरं, पण घरातून निघायचं कसं? सवाष्णीला बाहेर पडायला शंभर निमित्तं असतात. माझ्याकडे एकही नव्हतं, आणि वर्षश्राद्धही व्हायचं होतं. ती पोरगी म्हणाली, "भजनाला जाते सांगा ना, कौन देखता है." सोपं होतं. आईंनी आनंदाने सोडलं असतं. दोन दिवस मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर सोडून दिलं. दोघांनी मिळून बोललेलं खोटं ही आमच्या संसारातली गंमत होती. एकटीने बोललेलं खोटं नुसतं खोटं. आणि नोकरी लागली तर काय रोज भजनाला जाणार होते? साइटवर जायचं तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं की आईंचं ते एक वाक्य कायमचं जाणार. दोन्ही पारडी मी शनिवारपर्यंत तोलत राहिले आणि शेवटी कंटाळून तोलणंच सोडलं.

शनिवारी दुपारी मी बूट पिशवीत घातले नाहीत. पायातच घातले. आई पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या.

"कुठं चालली वं?"

"मीटिंगला."

"कसली मीटिंग?"

आणि त्याच वेळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. गिअर, इंजिन, हॉर्न. मी वळून पाहिलं नाही. मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. की ते हळदीकुंकू कधीच नव्हतं. की मी इंजिनिअरांच्या मीटिंगला जात होते, दर महिन्याला, पहिल्यापासून. की माझ्या कपाळाला तिथे कुणी कधी कुंकू लावलं नाही. की मला साइटवर परत जायचंय, नाहीतर मी या घरात वेडी होईन. आईंचा हात ताटात थांबला.

"वाणं यायची ती?"

"विकत आणायचो."

"कोण आणायचं?"

मी म्हटलं, "हे आणायचे."

"त्याला ठाऊक होतं?"

"त्यांनीच नेलं होतं मला पहिल्यांदा."

त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथल्या तिथे शब्द परत गिळावेसे वाटले. काही ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं ताट बाजूला सरकवलं आणि भिंतीकडे बघत बसल्या. मी "आई" म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. मग मी निघाले. मेलेल्या माणसाला त्याच्या आईकडून हिसकून घेतलंय असं वाटत होतं, आणि तरी पाय चालत होते.

हॉलमध्ये शिरले तर सगळ्या एकदम उभ्या राहिल्या, नवी मास्तरीण वर्गात आल्यासारख्या. मॅडम पुढे आल्या, म्हणाल्या, आजपासून ते नावच बदलून टाकू. मी म्हटलं, मुळीच नाही. अजून किती सुनांना त्याच नावावर घरातून सोडतात. नाव राहू द्या, मेसेजही तोच राहू द्या, फक्त मला वगळायचं नाही. माझ्या फोनवर आलं तरी मी मरत नाही.

मग आतल्या खोलीत कंपनीच्या माणसांसमोर बसले. एकाने विचारलं, पाइप टाकून झाल्यावर आधी काय कराल? म्हटलं, जोड उघडे ठेवीन, पाणी भरून दाब तपासेन, गळती नाही याची खात्री झाली की मगच माती ढकलू देईन. दुसऱ्याने विचारलं, मजूर तुमचं ऐकतील का? मी तोंड उघडलं आणि कानाशी अगदी स्पष्ट नवऱ्याचा आवाज आला, "हळू बोल, समोरचा घाबरतो." मोटरसायकलवर मुलाखतीची तालीम घेताना तो नेहमी हेच म्हणायचा. मी थांबले. डोळे भरून आले, ते त्या माणसांनी पाहिलं असेल तर पाहो. मग हळूच म्हटलं, "आधीही ऐकायचे, आताही ऐकतील." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सोमवारपासून या म्हणाले.

ज्यासाठी एवढी वर्षं जीव टांगला होता ते मिळालं आणि मला रिक्षात बसून आनंदच होईना. घरी आले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. घरात दिवा नव्हता. आई जिथे होत्या तिथेच बसलेल्या, तांदळाचं ताट तसंच. मी दिवा लावायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे."

मी खाली त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "आई, मला काम मिळालं. सोमवारपासून." त्यांनी मान हलवली, ऐकलं की नाही कळलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुला सोडून तो कुठं जातो म्हणायचा?"

"मित्राच्या दुकानात बसतो म्हणायचे. मीटिंग संपेपर्यंत."

"दुकानात नाही," आई म्हणाल्या. "घरी यायचा. सरळ इथंच यायचा."

मला काही कळेना. मला त्याने हे कधीच सांगितलं नव्हतं.

"इथं बसायचा, माझ्याजवळ. शेंगा सोलू लागायचा. शाळेतल्या पोरांच्या नकला करायचा. तुला आणायची वेळ झाली की उठायचा." त्यांनी ताटातले तांदूळ उगीच चाळवले. "मला वाटायचं, साऱ्या बाया हळदीकुंकवाला गेल्या, आपल्या आईला कुणी बोलावत नाही, म्हणून कीव येते लेकराला. मला लई लागायचं ते. एकदा तर बोलले मी त्याला, माझ्यावर दया करायला येऊ नको म्हणून. तर नुसता हसला."

मी त्यांचा हात धरला. दोघींशी खोटं बोलत होता, लबाड. मला रडू आवरेना.

अंधारात त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "मला खरं सांग. त्या कुठल्याच दिवशी, कुठंच हळदीकुंकू नव्हतं?"

"नव्हतं, आई. एकदाही नव्हतं."

"मग तो दया करून नव्हता येत," त्या म्हणाल्या. "असाच यायचा. मला भेटायला."